नवाबांचे शिकारवन, लोकांचे अभयारण्य

जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि सिद्दी घराण्याच्या ताब्यातील किल्ला, राजवाडा व जंगल यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. त्यांपैकी जंगलाची, म्हणजेच आजच्या फणसाड अभयारण्याची, ही हकीकत.

कशेडी घाट उतरून उत्तरेकडे आलेल्या प्रवाशाला पोलादपूर येथे सावित्री नदी भेटते. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी पोलादपूर आणि महाड ओलांडून पश्चिमेस वळते व बाणकोटच्या खाडीवाटे सागराला मिळते. एकेकाळी गलबते याच नदीतून थेट महाडपर्यंत येत असत आणि घाटावरचा माल याच मार्गाने समुद्रापार जात असे. या खाडीच्या दक्षिण तीरावर बाणकोटचा किल्ला उभा आहे. १७५६ पासून तो इंग्रजांकडे होता. खाडीच्या उत्तर तीरापासून मात्र दुसरेच राज्य सुरू होत असे. ते म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दींचे संस्थान होय.

दक्षिणेस बाणकोटची खाडी, उत्तरेस कुंडलिका नदीची रोह्याची खाडी, पूर्वेस रोहे व माणगाव तालुके आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा चतुःसीमांत हे संस्थान वसले होते. त्याचा किनारा सुमारे ४० मैलांचा आणि क्षेत्रफळ ३२४ चौरस मैल, म्हणजे सुमारे ८४० चौरस किलोमीटर होते. राजपुरीच्या खाडीने त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पाडले होते. मुरूड, म्हसळे आणि श्रीवर्धन हे त्याचे तीन मुख्य विभाग. याशिवाय काठेवाडच्या किनाऱ्यावरील जाफराबाद हा मुलूखही जंजिऱ्याच्याच अमलाखाली होता. तो आज गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात मोडतो.

किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या मागे खाजणे व भातशेती आणि त्यापलीकडे समुद्राच्या फाट्यांना समांतर धावणाऱ्या, दाट झाडीने मढलेल्या डोंगररांगा असे या मुलखाचे रूप होते. रोहे आणि मुरूड यांच्या दरम्यानच्या डोंगरांवरील जंगल नवाबांनी शिकारीसाठी राखून ठेवले होते. ते राखीव रान आज फणसाड वन्यजीव अभयारण्य या नावाने ओळखले जाते.

निवडीचे पद वंशाकडे गेले

जंजिऱ्याचा इतिहास मराठी वाचकाला परिचित असतो तो मुख्यतः किल्ल्याच्या निमित्ताने. शिवाजी महाराजांनी हा जलदुर्ग घेण्याचे वारंवार प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये वेढा घालून समुद्रात भर टाकून वाट करण्याचा घाट घातला. चिमाजी आप्पांनी १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात यास ठार केले. तरीही किल्ला सिद्दींच्या हातून गेला नाही. पेशवाईचा संस्थापक बाळाजी विश्वनाथ भट हा मूळचा श्रीवर्धनचा. सिद्दींच्या मुलखातील हे आपले वतन सोडूनच तो देशावर आला होता.

या लष्करी इतिहासाच्या छायेत एक गोष्ट सहसा झाकली जाते. जंजिऱ्याची सत्ता आरंभी कोण्या एका घराण्याची मिरास नव्हती. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणि हबसाणातून आलेल्या या दर्यावर्दी सरदारांमध्ये प्रमुखाचे पद निवडीने ठरत असे. एका प्रमुखाच्या पश्चात त्याचा मुलगाच गादीवर येईल असा नियम नव्हता. पुढे अठराव्या शतकात हे पद वंशाकडे झुकले आणि त्याबरोबर वारसाहक्काचे तंटेही सुरू झाले. अशाच एका तंट्यातून बाळू मियाँ सिद्दी यास जंजिऱ्यावरील हक्काच्या मोबदल्यात १७९१ मध्ये सुरतेजवळील सचिन येथे मुलूख मिळाला आणि सिद्दींचे दुसरे संस्थान उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात जंजिऱ्याचा प्रमुख हा नवाब झाला आणि सरदारांच्या जथ्याने मिळवलेला मुलूख एका घराण्याचा वारसा ठरला.

सिद्दी इब्राहिमखान (कारकीर्द १८४८ ते १८७९) याच्या काळापर्यंत हे संस्थान बरेचसे स्वतंत्र होते. तेथे इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी नसे आणि अंतर्गत कारभारात कोणी फारसे लक्ष घालीत नसे. १८६८ च्या सुमारास मात्र फौजदारी न्यायाच्या कामातील अनागोंदीचे कारण पुढे करून मुंबई सरकारने तेथे आपला प्रतिनिधी नेमला. पुढचा नवाब सिद्दी अहमदखान (१८७९ ते १९२२) राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात शिकला. मुरूडचा अहमदगंज राजवाडा त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या काळात मुरूड गावाचे रूप पालटले. मुरूडच्या पूर्वेस गारंबीच्या डोंगरात बांध घालून ते पाणी शहरास पुरवण्याची नवाबी काळातील योजना आजही या भागात आवर्जून सांगितली जाते. जंगल राखले तर खालच्या गावाला पाणी मिळते, हे गणित त्या बंधाऱ्यात स्पष्ट दिसते.

जंगल कोणासाठी?

कोकणात जंगलाचा प्रश्न हा प्रथमतः शेतीचा प्रश्न असतो. भाताचे रोप तयार करण्यापूर्वी जमिनीवर पाला, फांद्या, गवत आणि शेण पसरून ते जाळण्याची पद्धत आहे. तिला राब म्हणतात. राबाला लागणारा टाळ ऐन, किंजळ यांसारख्या झाडांवरून तोडला जातो. डोंगर बंद झाला की राब बंद होतो, आणि राब बंद झाला की शेतकऱ्याच्या भाताला फटका बसतो. शेजारच्या ब्रिटिश कुलाबा व ठाणे जिल्ह्यांत वनखात्याने जंगले राखीव करण्यास प्रारंभ केला, तेव्हा याच मुद्द्यावरून मोठा असंतोष निर्माण झाला. त्याची चौकशी करण्यासाठी सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि त्या आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला.

दुसरीकडे मुंबई शहराची भूक वाढत होती. जळाऊ लाकूड, कोळसा आणि इमारती लाकूड यांची शहराला सतत गरज होती, आणि खाड्यांच्या काठावरील जंगलांतला माल गलबतांत भरून थेट मुंबईला नेणे सर्वांत सोपे होते. जंजिरा संस्थानाच्या उत्पन्नात जमीन महसुलाबरोबरच जंगलाच्या उत्पन्नाचाही वाटा होता. म्हणजे संस्थानिकाच्या दृष्टीने जंगल हे एकाच वेळी तिजोरी आणि क्रीडाभूमी असे.

या दोहोंपैकी क्रीडाभूमी म्हणून राखलेला भाग टिकला, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. शिकारीचे राखीव रान म्हणजे प्राण्यांना अभय नव्हे. तेथे प्राणी मारण्याचा हक्क एकालाच असतो, एवढाच त्याचा अर्थ. परंतु तो हक्क अबाधित राहावा म्हणून इतरांची कुऱ्हाड, इतरांची बंदूक आणि इतरांची गुरे बाहेर ठेवावी लागतात. परिणामी पाणवठे शाबूत राहतात, झाडी दाट राहते आणि वर्षातून काही दिवस चालणाऱ्या शिकारीने जे नष्ट होते त्याहून अधिक वर्षभरात वाढते. देशातील अनेक नामवंत अभयारण्यांचा जन्म याच विरोधाभासातून झाला आहे. कोल्हापूर संस्थानच्या शिकारीच्या रानातून दाजीपूरचे, म्हणजे आजचे राधानगरी अभयारण्य घडले. भरतपूरची पाणथळ जागा, अलवरचे सरिस्का आणि जुनागढचे गीर यांची पूर्वपीठिकाही संस्थानिकांच्या शिकारीचीच आहे. फणसाड त्याच मालिकेतील. त्याचे वेगळेपण एवढेच, की या जंगलाच्या पायाशी समुद्र आहे.

ही व्यवस्था फुकट मात्र झाली नाही. जंगलाच्या कडेला राहणारे आगरी, कुणबी, मराठे, मुसलमान आणि डोंगरातले कातकरी व ठाकूर यांना तिची किंमत द्यावी लागली. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ज्यांचे नाव कातकरी पडले, त्यांचे तर सारे जगणेच जंगलावर अवलंबून होते. राखीव रानात त्यांचा प्रवेश हा हक्क न राहता मेहरबानी झाली.

जानेवारी १९४८

देश स्वतंत्र झाल्यावर जंजिऱ्याचा प्रश्न लगेच सुटला नाही. त्या वेळी गादीवर सिद्दी महंमदखान हे होते. १९२२ मध्ये वडिलांच्या निधनानंतर लहान वयातच ते गादीवर आले होते आणि सज्ञान होईपर्यंत त्यांच्या मातोश्री कुलसुम बेगम यांनी कारभार पाहिला होता. संस्थानातील बहुसंख्य प्रजेला भारतात संपूर्ण विलीनीकरण हवे होते आणि त्यासाठी प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांनी चळवळ उभारली होती.

या चळवळीत नाना पुरोहित यांच्याबरोबर एक तरुण आघाडीवर होता, तो महाड तालुक्यातील नाते गावचा. त्याचे नाव मोहन धारिया. तरुणांची लोकसेना उभारून या कार्यकर्त्यांनी १९४८ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस संस्थानाच्या दक्षिण भागातील ठाणी ताब्यात घेण्यास सुरुवात केली. म्हसळे आणि श्रीवर्धन येथे नवाबाचा अंमल संपला. परिस्थिती ओळखून नवाबांनी विलीनीकरणास संमती दिली. मुरूडमध्ये ३१ जानेवारी हा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. मार्च १९४८ मध्ये दख्खनच्या अन्य संस्थानांप्रमाणे जंजिराही मुंबई प्रांतात समाविष्ट झाले आणि त्याचे तालुके कुलाबा जिल्ह्यास जोडले गेले. त्या जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले.

मोहन धारिया पुढे खासदार, केंद्रीय मंत्री आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाल्यावर त्यांनी 'वनराई' या संस्थेच्या माध्यमातून पडीक जमिनीवर झाडे उभी करण्याचे आणि पाणी अडवण्याचे काम हाती घेतले. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. नवाबाची सत्ता संपवण्यासाठी तरुणपणी उतरलेल्या या नेत्याने उतारवय वृक्षलागवडीस वाहिले, ही बाब जंजिऱ्याच्या जंगलाची कथा सांगताना सहज आठवते.

याद्यांनी ठरवलेले भवितव्य

विलीनीकरणाच्या करारांचा साचा साधारणपणे सारखाच असे. संस्थानिक आपले सर्व अधिकार हिंदुस्थान सरकारच्या स्वाधीन करी. त्याबदल्यात त्यास तनखा मिळे, काही मानमरातब कायम राहत आणि जी मालमत्ता त्याची खासगी म्हणून मान्य होई तिच्यावर त्याची पूर्ण मालकी राही. खासगी मालमत्तेची यादी संस्थानिकाने सादर करायची आणि ती सरकारने तपासून मान्य करायची, असा प्रघात होता. यादीत न बसलेले सारे संस्थानचे, म्हणजे यापुढे सरकारचे.

राजाच्या काळात हा भेद करण्याची गरजच पडलेली नव्हती. राज्य कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते, हे कोणी विचारीत नसे. जंगलातून येणारा पैसा तिजोरीत जाई आणि त्याच जंगलात नवाब बंदूक घेऊन जाई. १९४८ मध्ये मात्र प्रत्येक वास्तूला आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक उत्तर द्यावे लागले. जंजिऱ्याच्या बाबतीत त्या उत्तरांतून तीन वेगळे मार्ग निघाले.

पहिला मार्ग किल्ल्याचा. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेला जलदुर्ग राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे गेला. किल्ल्यात पूर्वी नांदती वस्ती होती. ती हळूहळू किनाऱ्यावर उतरली आणि आत तलाव, पडके वाडे व तोफा एवढेच उरले. मुरूडजवळच्या खोकरी येथील सिद्दी सरदारांच्या घुमटांच्या कबरी हाही याच वारशाचा भाग आहे.

दुसरा मार्ग राजवाड्याचा. मुरूड गावाच्या कडेला समुद्राकडे तोंड करून उभा असलेला अहमदगंज राजवाडा नवाबांच्या घराण्याकडे खासगी मालमत्ता म्हणून राहिला. रस्त्यावरून त्याचे घुमट आणि कमानी दिसतात. आत मात्र पर्यटकांना प्रवेश नसतो. संस्थानिकांचे तनखे व विशेषाधिकार १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने रद्द झाले, तरी खासगी मालमत्तेवर त्याचा परिणाम झाला नाही.

तिसरा मार्ग जंगलाचा. ते वनखात्याकडे गेले.

सरकारी जंगल म्हणजे सुरक्षित जंगल नव्हे

याच सुमारास कोकणात जमिनीच्या मालकीची मोठी उलथापालथ चालली होती. महाड-पोलादपूरसह कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांत खोलवर रुजलेली खोतीची पद्धत १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने संपुष्टात आली. पुढे कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग मोकळा करून दिला. शेतजमिनीच्या बाबतीत मोठा मालक गेला आणि त्याच्या जागी अनेक लहान मालक आले. जंगलाच्या बाबतीत तसे झाले नाही. तेथे एका मालकाच्या जागी दुसरा एकच मालक आला.

नव्या मालकाचेही जंगलाकडे पाहण्याचे धोरण आरंभी उत्पन्नाचेच होते. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत राज्यभरातील वनखात्याचा भर लाकूडतोडीचे आराखडे, लिलाव आणि कोळशाच्या भट्ट्या यांवर होता. कोकणातील खासगी जंगले तर याहून वेगाने उघडी पडली. त्यांना आळा घालण्यासाठी राज्य सरकारने महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा करून ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने आपल्या ताब्यात घेतली. तत्पूर्वी १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला होता. १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला आणि जंगलाची जमीन अन्य कामासाठी वळवण्यावर केंद्र सरकारचे नियंत्रण बसले.

वन्यजीव कायद्याने शिकार हा विषयच निकालात काढला. जे रान शिकारीसाठी राखले गेले होते, त्याच रानात शिकार हा गुन्हा ठरला. १९८६ मध्ये राज्य सरकारने मुरूड आणि रोहे तालुक्यांतील हे जंगल फणसाड वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे ७० चौरस किलोमीटर आहे. रायगड जिल्ह्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ पासून अस्तित्वात होते. किनाऱ्यालगतच्या जंगलाला मात्र असे संरक्षण प्रथमच मिळाले.

गाणींचे रान

फणसाडचे नाव तेथील एका पाणवठ्याशी जोडलेले आहे. जंगलातील अशा नैसर्गिक पाणवठ्याला या भागात गाण म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण, धरणाची गाण अशी त्यांची नावे आहेत आणि लहानमोठ्या गाणींची संख्या तीसच्या आसपास सांगितली जाते. उन्हाळ्यात सभोवतालचे ओढे आटले तरी यांपैकी काही गाणींना पाणी राहते. साऱ्या प्राण्यांची हालचाल त्या काळात या पाण्याभोवती एकवटते. नवाबांच्या शिकारीला हे रान सोयीचे का होते, याचेही उत्तर या गाणींतच आहे.

समुद्रसपाटीजवळून चढत जाणाऱ्या या टेकड्यांवर निमसदाहरित आणि पानझडी अशी दोन्ही प्रकारची झाडी आढळते. ऐन, किंजळ, साग, जांभूळ, अंजनी, गेळा, कुडा, सीताअशोक हे वृक्ष येथे आहेत. वावडिंग, नरक्या यांसारख्या औषधी वनस्पतीही आहेत. या जंगलाची खास ओळख म्हणजे गारंबीचा वेल. झाडाच्या खोडासारखा जाड असलेला हा वेल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चढत दूरवर पसरतो आणि त्याच्या हात-दोन हात लांबीच्या शेंगा पाहणाऱ्यास चकित करतात. झाडीच्या मधूनमधून गवताळ माळ लागतात. तेथे भेकर, सांबर आणि रानडुक्कर चरावयास येतात.

वाघ येथून केव्हाच नाहीसा झाला. बिबट्या आहे. त्याखेरीज तरस, साळिंदर, वानर, उदमांजर आणि भारतातील सर्वांत लहान हरीण म्हणून परिचित असलेली पिसोरी येथे नांदतात. झाडांच्या शेंड्यांवर शेकरू दिसते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार सलग झाडी असल्याशिवाय जगू शकत नाही. एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर उडी मारीत ती जाते. मध्ये तोड झाली की तिची वाट तुटते. म्हणून शेकरू दिसणे हे जंगल अखंड असल्याचे लक्षण मानले जाते.

गिधाडांचा प्रश्न

फणसाडचे नाव अलीकडच्या काळात गिधाडांमुळेही घेतले जाते. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडांची संख्या झपाट्याने घसरली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. परंतु तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे देशाच्या बहुतेक भागांतून दिसेनाशी झाली होती.

रायगडच्या किनारपट्टीत मात्र त्यांची थोडी वस्ती उरली होती. तिला जीव देण्याच्या प्रयत्नांत महाडच्या 'सिस्केप' या संस्थेचा वाटा मोठा आहे. म्हसळे तालुक्यातील चिरगाव परिसरात गावकऱ्यांना सोबत घेऊन संस्थेने गिधाडांच्या घरट्यांचे रक्षण केले आणि त्यांच्यासाठी मृत जनावरे उपलब्ध करून देण्याची व्यवस्था केली. फणसाडमध्ये वनखात्यानेही गिधाडांसाठी सुरक्षित खाद्य ठेवण्याचा उपक्रम राबवला. चिरगाव आणि फणसाड ही दोन्ही ठिकाणे पूर्वीच्या जंजिरा संस्थानातलीच आहेत. एका ठिकाणी रक्षणाचे काम गावाने उचलले, दुसऱ्या ठिकाणी सरकारने, हा फरक मात्र नोंदवण्यासारखा आहे.

'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ

अभयारण्य घोषित होते तेव्हा जंगल सर्वांचे होते, असे म्हणण्याची पद्धत आहे. जंगलाच्या कडेच्या गावांचा अनुभव मात्र इतका सरळ नसतो. वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात कोणाचे कोणते हक्क आहेत याची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करावयाची असते आणि त्यानंतरच चराई, येण्याजाण्याच्या वाटा, पाणी यांचा निवाडा होतो. सुपेगाव, काशीद, बारशिव, नांदगाव यांसारख्या भोवतालच्या गावांना जळण, गवत, राबाचा टाळ आणि गुरांची चराई यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगराचा आधार होता. बिबट्याने गोठ्यातील जनावर मारले किंवा रानडुकरांनी भाताचे नुकसान केले, तर संरक्षणाचा भार त्या शेतकऱ्यावर पडतो आणि लाभ मात्र शहरातून आलेल्या पर्यटकाला मिळतो, ही तक्रार केवळ फणसाडची नाही. देशातील जवळजवळ प्रत्येक अभयारण्याच्या वेशीवर ती ऐकू येते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या प्रश्नाला नवे वळण दिले. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींवर व अन्य वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. हा कायदा अभयारण्यांनाही लागू आहे. त्याने वैयक्तिक हक्कांबरोबर गावाच्या सामूहिक हक्कांनाही मान्यता दिली आणि त्या कामात ग्रामसभेला स्थान दिले. नवाबाच्या काळात जी मेहरबानी होती आणि वनखात्याच्या काळात जी परवानगी होती, ती कायद्याच्या भाषेत प्रथमच हक्क म्हणून लिहिली गेली. तो हक्क कागदावरून जमिनीवर उतरवणे हे मात्र दीर्घ आणि किचकट काम ठरले आहे.

दुसरा ताण किनाऱ्याचा आहे. काशीदची पांढरी वाळू आणि मुरूडचा किल्ला यांमुळे मुंबई-पुण्याच्या पर्यटकांची रीघ या रस्त्याला लागते. जंगलाच्या कडेच्या जमिनींना भाव आला आणि वाड्यांच्या जागी बंगले व निवासगृहे उभी राहू लागली. जे डोंगर १९४८ मध्ये सरकारजमा झाले ते राहिले. त्यांच्या पायथ्याच्या खासगी जमिनी मात्र वेगाने हात बदलत आहेत. अभयारण्यातील प्राणी ही सीमा ओळखत नाहीत. त्यामुळे जंगलाचे भवितव्य निम्मे त्याच्या हद्दीबाहेर ठरते.

चक्रीवादळ आणि त्यानंतर

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे भागातील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या. घरांची छपरे उडाली. फणसाडमध्येही मोठी झाडे उन्मळून पडली आणि झाडीचे सलग छत जागोजागी फाटले. शेकरूच्या वाटा तुटल्या. गिधाडांची घरटी असलेल्या उंच वृक्षांचीही हानी झाली.

पोफळीची बाग पुन्हा उत्पन्नास येण्यास अनेक वर्षे लागतात, जंगलाला त्याहून अधिक. पडलेले झाड बागेतून उचलावे लागते. जंगलात मात्र ते कुजून नव्या रोपांना खत देते. त्यामुळे वादळानंतर जंगलाला लाकडाचा साठा समजून साफ न करता त्याचे त्याला वाढू देणे, हाच बहुतेक ठिकाणी शहाणपणाचा मार्ग मानला जातो. हा निर्णय घेता येतो तो त्या जमिनीवर उत्पन्नाचे ओझे नाही म्हणून. शंभर वर्षांपूर्वी असेच वादळ आले असते, तर पडलेले प्रत्येक खोड गलबतात भरून मुंबईला गेले असते.

आज फणसाडला जाण्यासाठी अलिबाग, रेवदंडा, साळाव मार्गे मुरूडच्या रस्त्याने यावे लागते आणि सुपेगाव येथून अभयारण्यात मुख्य प्रवेश आहे. महाड-पोलादपूरकडून येणाऱ्यास माणगावमार्गे म्हसळे अथवा रोहे गाठून पश्चिमेकडे वळता येते. म्हसळ्याच्या वाटेने गेल्यास चिरगावचा गिधाडांचा परिसर आणि राजपुरीच्या खाडीचा प्रदेशही पाहता येतो. हिवाळा आणि उन्हाळ्याचा पूर्वार्ध हा जंगल पाहण्यास उत्तम काळ. प्राणी पाहण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी गाणींजवळ सकाळी लवकर किंवा सायंकाळी शांतपणे थांबावे. त्याच पाण्याजवळ पूर्वी नवाबांच्या मचाणी बसत. आता तेथे वनरक्षक प्राण्यांची मोजदाद करतात, आणि उन्हाळ्यात गाणीला पाणी किती उरले याची चौकशी सुपेगावचे ग्रामस्थ पूर्वीप्रमाणेच करीत असतात.